प्रशिक्षकांना काढलेत, पण हा संघ उभा कोणी केला होता?

मुंबईतील आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपण प्रसिद्ध केलेल्या निवेदनातून आम्हां सभासदांना कळले की, हंगाम अर्ध्यावर असताना वरिष्ठ संघाच्या मुख्य प्रशिक्षकांना पदमुक्त करण्यात आले आहे. कारण म्हणून ‘अपेक्षित निकाल मिळाले नाहीत’ एवढेच दिले आहे. त्याच निवेदनाच्या अखेरीस, क्लबच्या स्पोर्टिंग डायरेक्टरांवर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि खरेदी-विक्री पाहणाऱ्या अधिकाऱ्यांवर, मंडळाचा पूर्ण विश्वास असून पुढच्या ट्रान्सफर विंडोची (खेळाडू घेण्या-सोडण्याच्या ठरावीक मुदतीची) तयारी त्यांच्याच देखरेखीखाली सुरू आहे, असेही म्हटले आहे. ही दोन विधाने शेजारी शेजारी वाचली की जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर निवेदनात नाही, आणि सचिवांना लिहिलेल्या माझ्या ईमेललाही ते आलेले नाही. म्हणून तोच प्रश्न आता सर्वांसमक्ष विचारतो. जो संघ हरला म्हणून प्रशिक्षक गेले, त्या संघातले खेळाडू कोणी निवडले, कोणी आणले आणि जे गेले त्यांना कोणाच्या सहीने सोडण्यात आले?

क्लबचे नाव या पत्रात मी मुद्दाम घेतलेले नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतर वाचकांनी आपापल्या क्लबचे नाव तिथे घालून वाचले तरी अर्थ फारसा बिघडणार नाही, अशी मला शंका आहे. स्पोर्टिंग डायरेक्टर आणि माजी प्रशिक्षक यांचीही नावे मी घेणार नाही, कारण तक्रार व्यक्तींबद्दल नसून मंडळाने लावून दिलेल्या, किंवा खरे तर लावूनच न दिलेल्या, व्यवस्थेबद्दल आहे.

माझा या गोष्टीशी संबंध काय, हे आधी सांगतो. मी क्लबचा आजीव सभासद आहे आणि शनिवार-रविवारी सकाळी क्लबच्या कुमार गटातील मुलांना शिकवतो. त्याचे मानधन मी घेत नाही आणि मला ते नकोही आहे. माझ्या हाताखालून गेलेली दोन मुले गेल्या हंगामात वरिष्ठ संघाच्या यादीत होती. त्यांपैकी एकाविषयी पुढे लिहिले आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत मुंबईचे फुटबॉल कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे होते. टाटा स्पोर्ट्स, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे अशा संघांत खेळाडू आणायचा म्हणजे त्याला नोकरी द्यायची, आणि ती देणारा साहेब कोण हे कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर सगळ्यांना माहीत असे. खेळाडू फुकट गेला तर बोटही त्याच साहेबाकडे जाई. त्या व्यवस्थेत वशिलेबाजी भरपूर होती, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण निर्णय कोणाचा, हे तरी लपत नसे. पुढे २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद झाला, आणि या शहरातील फुटबॉलप्रेमी एक गोष्ट शिकले, की मैदानावरचे यशसुद्धा बंद खोलीतल्या निर्णयापुढे टिकत नाही. त्या खोलीत काय ठरते आणि कोण ठरवते, याची चौकशी करण्याची सवय आम्हांला तेव्हापासून लागली आहे.

गैरसमज नको म्हणून हेही नोंदवतो, की स्पोर्टिंग डायरेक्टर हे पद निर्माण करण्याचा ठराव आपण सर्वसाधारण सभेपुढे मांडला, तेव्हा मी त्याच्या बाजूने हात वर केला होता आणि आजही तो ठराव मला योग्य वाटतो. प्रशिक्षकाची नजर येत्या रविवारच्या सामन्यावर असते, आणि ती तशीच असायला हवी. त्याचा करार एखाद्या हंगामाचा, खेळाडूचा मात्र दोन-तीन वर्षांचा. येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या ओळखीचे खेळाडू आणायचे, तो गेला की पुढच्याने ते नको म्हणायचे, आणि क्लबने दोन्ही वेळा पैसे मोजायचे, हे कोणत्याही लहान क्लबला झेपणारे नाही. जर्मनीत बायर्न म्युनिकने १९७९ मध्ये अवघ्या २७ वर्षांच्या उली हॉनेस यांच्याकडे हे काम सोपवले. त्यानंतर प्रशिक्षक अनेक आले नि गेले, हॉनेस मात्र तीस वर्षे त्या खुर्चीत राहिले. स्पेनमध्ये सेव्हिया क्लबने २००० साली आपलाच निवृत्त गोलरक्षक मोन्ची याला स्पोर्टिंग डायरेक्टर केले आणि स्वस्तात घेऊन महागात विकण्याचे त्याचे कसब पुढे जगभर अभ्यासाचा विषय झाले. इटलीत तर या पदासाठी कोव्हरचानो येथे रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीकडे आले, तेव्हा अहमद जाहू, मोर्तादा फॉल, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई हे त्यांचे एफसी गोवामधले खेळाडूही मुंबईत आले. २०२०-२१ च्या हंगामात त्या संघाने लीग शील्ड (साखळीतील पहिला क्रमांक) आणि अंतिम विजेतेपद दोन्ही पटकावले, तेव्हा आपण सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकाच्या मनासारखे खेळाडू दिले तर काय होऊ शकते, याचा तो उत्तम नमुना होता. पण लोबेरा २०२१ मध्ये मुंबई सोडून गेले, २०२३ मध्ये ओडिशा एफसीकडे आले आणि त्याच वर्षी जाहू व फॉल हेही ओडिशाच्या जर्सीत दिसले. मुंबई सिटीसारख्या क्लबची तिजोरी आणि यंत्रणा मोठी असल्यामुळे तो सावरला. आपल्या क्लबातून चार खांब एकदम निघाले, तर छप्पर कोण धरणार? तेव्हा प्रशिक्षकाच्या हाती सगळे द्या, असे मी म्हणत नाही. दोघांत काम वाटून द्यायचे ठरवलेत, तर वाटणी कागदावर असावी आणि यशाप्रमाणे अपयशाचीही असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की शेवटचा शब्द कोणाचा याबद्दल आपण सभासदांना एक सांगितलेत आणि केलेत दुसरेच. हंगामापूर्वीच्या सभेत एका सभासदाने हाच प्रश्न विचारला होता. व्यासपीठावरून उत्तर आले, की प्रशिक्षकांच्या संमतीशिवाय एकही खेळाडू येणार नाही. प्रशिक्षक शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर विंडोच्या शेवटच्या दोन दिवसांत जे तीन खेळाडू आले, त्यांतील किमान दोघांची नावे प्रशिक्षकांना सरावाच्या वेळी कळली, हे त्या दिवशी मैदानावर हजर असलेल्या कोणालाही विचारा. आता प्रशिक्षकांना काढताना मात्र सभेतले तेच वाक्य कामी येते: संघ त्यांच्या संमतीचा होता, मग पराभवही त्यांचाच.

इंग्लंडमधील न्यूकॅसल युनायटेड या क्लबने हेच केले होते आणि ते लवादासमोर उघडे पडले. केव्हिन कीगन जानेवारी २००८ मध्ये तिथे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाले. त्यांच्या डोक्यावर डेनिस वाइज यांना फुटबॉलविषयक कार्यकारी संचालक म्हणून आणण्यात आले. बाहेर सांगितले जाई, की खेळाडूंबाबत अंतिम शब्द कीगन यांचाच. मग त्या वर्षीच्या विंडोच्या अखेरीस इग्नासिओ गोन्सालेस हा उरुग्वेचा खेळाडू कीगन यांचा विरोध असताना लोनवर, म्हणजे तात्पुरता, घेण्यात आला. क्लबमधील कोणीही त्याला खेळताना पाहिलेले नव्हते. यूट्यूबवर पाहा, असे कीगन यांना सुचवण्यात आले. दक्षिण अमेरिकेतील दोन वजनदार एजंटांना खूश ठेवणे हा त्या व्यवहाराचा हेतू होता, हेही सुनावणीत पुढे आले. कीगन यांनी सप्टेंबर २००८ मध्ये राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी लवादाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन २० लाख पौंडांची भरपाई मंजूर केली. या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो क्लबचा बचाव. अंतिम शब्द मॅनेजरचा आहे, ही आमची जाहीर विधाने खरी नव्हती, ती केवळ लोकांसाठी होती, असे क्लबने स्वतःच मांडले. ज्या समर्थकांनी त्या विधानांवर विश्वास ठेवून तिकिटे काढली, त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आम्ही करू शकतो. आपल्या सभेतले उत्तर कोणत्या प्रकारात मोडते, ते आपण सांगावे.

दुसरी तक्रार गरजेची आणि खरेदीची. प्रशिक्षकांनी हंगामापूर्वी काय मागितले होते, ते क्रीडा उपसमितीतील सर्वांना माहीत आहे: डाव्या पायाचा एक बचावपटू, जो लेफ्ट बॅक (बचावफळीत डावीकडे) आणि सेंटर बॅक (मध्यभागी) अशा दोन्ही जागी खेळू शकेल, आणि एक अनुभवी गोलरक्षक. आले कोण? तीन आक्रमक मिडफिल्डर, तिघेही उजव्या पायाचे, तिघेही मधल्या मोकळ्या जागेत चेंडू मागणारे. त्यांच्या गुणवत्तेविषयी मला काही म्हणायचे नाही. त्यातला एक तर डोळ्यांचे पारणे फेडणारा पास देतो. पण त्या जागी आपल्याकडे आधीच दोघे होते.

याचा परिणाम काय होतो, तो मंडळातील ज्या सदस्यांना सामन्याला येणे जमत नाही, त्यांच्यासाठी थोडा तपशिलात सांगतो. कूपरेजवरच्या एका सामन्यात उजव्या पायाच्या मिडफिल्डरला लेफ्ट बॅक म्हणून उतरवावे लागले. गोलरक्षक चेंडू डावीकडे देई. हा मुलगा तो डाव्या पायाने टचलाइनच्या कडेने पुढे न ढकलता प्रत्येक वेळी अर्धी गिरकी घेऊन उजव्या पायावर घेई. ती गिरकी पूर्ण होईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) दोन पावले आत येऊन उभा. आतला पास बंद, बाहेरचा पास चुकीच्या पायावर, उरला तो मागे गोलरक्षकाकडेच परत. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत समोरच्या बेंचवरून कोणीतरी ‘आत ढकल, आत ढकल’ असे ओरडू लागले आणि त्यानंतर तो संघ आमच्या डाव्या बाजूलाच तळ ठोकून बसला. दोन्ही गोल तिथूनच झाले. गॅलरीतून शिव्या कोणाला बसल्या? त्या मुलाला. आणि त्याच्यानंतर प्रशिक्षकांना. डाव्या पायाचा बचावपटू मागितला असूनही न आणणारे त्या दिवशी मैदानावर नव्हतेच, त्यामुळे त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही.

तिसरी तक्रार खेळाडू सोडण्याची आहे आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. ट्रान्सफर म्हटले की येणाऱ्या खेळाडूचे जर्सी धरलेले फोटो आठवतात. जाणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. ज्या विंडोत डाव्या पायाचा बचावपटू मिळाला नाही, त्याच विंडोत आपल्या कुमार गटातून वर आलेला, नागपाड्याचा, डाव्या पायाचा एकोणीस वर्षांचा लेफ्ट बॅक दुसऱ्या क्लबला देऊन टाकण्यात आला. तो कच्चा होता, हवेतल्या चेंडूला घाबरे, हे मी त्याला शिकवले आहे म्हणून खात्रीने सांगू शकतो. पण तो पहिल्या संघाबरोबर सराव करत होता आणि प्रशिक्षक त्याला हळूहळू तयार करत होते. त्याला ‘उद्यापासून सरावाला येण्याची आवश्यकता नाही’ असा व्हॉट्सॲपवर संदेश आला. प्रशिक्षकांना ही गोष्ट संध्याकाळी त्याच्याकडूनच कळली. त्याचे वडील रात्री माझ्या घरी आले आणि एवढेच म्हणाले, “सर, त्याचं काय चुकलं ते सांगा, म्हणजे तो सुधारेल.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते ज्यांच्यापाशी असायला हवे होते, त्यांनी भेटायलाही बोलावले नव्हते.

घेण्याइतकेच सोडण्यातही प्रशिक्षकाचे मत मोलाचे असते, हेही नवे तत्त्व नाही. कीगन ज्या आठवड्यात गेले, त्याच आठवड्यात वेस्ट हॅमचे मॅनेजर ॲलन कर्बिशली यांनी राजीनामा दिला होता. अँटन फर्डिनंड आणि जॉर्ज मॅकार्टनी हे त्यांचे दोन बचावपटू सन्डरलंडला विकण्यात आले होते, आणि कोण येणार, कोण जाणार हे ठरवण्याचा हक्क करारानुसार कर्बिशली यांचा होता. लवादाने तोही वाद मॅनेजरच्याच बाजूने निकाली काढला. आपल्या प्रशिक्षकांच्या करारात अशी काही ओळ होती का? असल्यास ती मोडली गेली. नसल्यास, सभेत दिलेले आश्वासन कशाच्या आधारावर होते?

चौथी तक्रार थोडक्यात. नव्या तिघांपैकी दोघे एकाच एजंटमार्फत आले आहेत. यात गैर काही आहे असा आरोप मी करत नाही. मुंबईत कामाचे एजंट आहेतच मोजके, आणि योगायोगही घडतात. पण बाहेरच्या कोणाच्याही प्रभावाखाली क्लबचे ट्रान्सफरविषयक स्वातंत्र्य जाऊ नये, असे फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमावलीतच सांगितले आहे. मग कोणत्या व्यवहारात कोणता एजंट होता आणि त्याला किती दिले, हे सभासदांपासून झाकून ठेवण्याचे कारण काय? माहिती झाकली की कुजबुज वाढते, आणि कुजबुजीचा त्रास सर्वांत आधी प्रामाणिक माणसालाच होतो. उद्या स्पोर्टिंग डायरेक्टरांना आपली बाजू मांडायची झाली, तर त्यांच्या हाती काय कागद आहे?

पाचवी तक्रार खापर फोडण्याच्या पद्धतीबद्दल. टॉटनहॅमने ऑक्टोबर २००८ मध्ये, पहिल्या आठ सामन्यांत अवघे दोन गुण मिळाल्यावर, प्रशिक्षक हुआंदे रामोस आणि फुटबॉल डायरेक्टर दामियां कोमोली या दोघांनाही एकाच वेळी निरोप दिला आणि हॅरी रेडनॅप यांना आणून जुनी, मॅनेजरकेंद्री पद्धत पुन्हा सुरू केली. तो मार्ग मला आततायी वाटतो, आणि आपल्या स्पोर्टिंग डायरेक्टरांना काढा अशी माझी मागणी अजिबात नाही. परंतु संघबांधणी दोघांची आणि शिक्षा एकट्याची, हे त्याहून वाईट आहे. त्यामुळे पुढचा प्रशिक्षक येतानाच सावध होऊन येईल. आपल्याला न विचारता आलेल्या खेळाडूला तो बाकावर बसवेल, म्हणजे निदान पराभवाचा ठपका आपल्या पसंतीच्या संघावर तरी येईल, असा हिशेब करून. त्यात नुकसान बाकावर बसलेल्या पोराचे आणि त्याचे मानधन भरणाऱ्या क्लबचे.

आता आपल्या बाजूने जे म्हटले जाईल, त्याचाही विचार करू. मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य खासगीत म्हणाले, की प्रशिक्षकांचे ऐकत बसलो तर क्लब विकावा लागेल, आणि प्रशिक्षकांना खेळाडूची पारख असतेच असे नाही. यातले दुसरे विधान मला मान्य आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांची पसंती जर्मनीच्या युलियन ब्रांटला होती. स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स आणि त्यांच्या विभागाने मात्र रोमाच्या मोहम्मद सलाहसाठी आग्रह धरला, हे पुढे सर्वश्रुत झाले. सलाह त्याआधी चेल्सीत अपयशी ठरलेला. शेवटी सलाहच आला आणि पहिल्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये त्याने ३२ गोल केले. पण या गोष्टीचा शेवट प्रशिक्षकांना डावलून झाला नाही, हे लक्षात घ्यावे. आग्रह धरण्यात आला, आकडे आणि चित्रफिती पुढे ठेवण्यात आल्या, क्लॉप यांचे मन वळवण्यात आले, आणि मग सही झाली. ज्याला आपण स्वतः होकार दिला आहे, त्या खेळाडूसाठी प्रशिक्षक संघात जागा शोधतो, त्याच्या चुका पोटात घालतो, त्याला वेळ देतो. न विचारता लादलेल्या सलाहचे काय झाले असते, कोण जाणे.

आणि समजा मंडळाला प्रशिक्षकांना नकाराधिकार द्यायचाच नाही. तोही एक रास्त निर्णय असू शकतो, फक्त तो उघडपणे सांगावा. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने फेब्रुवारी २०१५ मध्ये नेमके हेच केले. नव्याने बढती मिळालेला संघ मार्क वॉर्बर्टन यांच्या हाताखाली उत्तम खेळत होता. तरीही क्लबने जाहीर केले, की यापुढे खेळाडूंची निवड आकडेवारीच्या आधारे, डायरेक्टरांच्या यंत्रणेतून होईल, मुख्य प्रशिक्षकाच्या मताला वजन राहील, पण त्याला पूर्ण नकाराधिकार मिळणार नाही. वॉर्बर्टन यांना ते मान्य नव्हते; हंगाम संपवून, संघाला पाचव्या क्रमांकापर्यंत नेऊन ते गेले. लोकांनी क्लबला वेड्यात काढले. त्यांच्या जागी आलेले प्रशिक्षकही काही महिन्यांतच गेले, तेव्हा तर टीकेला ऊत आला. पण जो कोणी त्यानंतर त्या खुर्चीत बसला, तो अधिकार किती नि कुठवर हे जाणून बसला. २०२१ मध्ये थॉमस फ्रँक यांच्या हाताखाली तो संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. मला ब्रेंटफर्डची पद्धत आपल्यासाठी योग्य वाटत नाही, कारण तिच्यासाठी लागणारी आकडेवारीच आपल्या स्थानिक लीगमध्ये कोणी ठेवत नाही. त्यांचा उघडेपणा मात्र आपल्याला बिनखर्चात घेता येण्यासारखा आहे.

एवढे सांगून झाल्यावर मागण्या मांडतो. त्या कोणाला अडचणीत आणण्यासाठी नाहीत, आणि त्यांपैकी एकीलाही विशेष पैसा लागत नाही.

एक. पुढची ट्रान्सफर विंडो उघडण्यापूर्वी, खेळाडू घेण्याची आणि सोडण्याची कार्यपद्धती एका पानावर लिहून ती क्लबच्या सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. गरज कोण मांडणार, नावे कोण सुचवणार, पैशांची मर्यादा कोण ठरवणार आणि मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा, ही चार उत्तरे त्यात असावीत. माझी सूचना अशी, की प्रशिक्षकांनी खेळाडूचे नाव न देता जागा, पाय, वय आणि कामाचे स्वरूप लिहून द्यावे; नावांची यादी स्पोर्टिंग डायरेक्टरांनी आणावी; आणि यादीतील कोणतेही नाव नाकारण्याचा हक्क दोघांनाही असावा. मंडळाने दुसरी पद्धत ठरवली तरी चालेल, पण ती लिहिलेली असावी.

दोन. येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या कागदावर प्रशिक्षक आणि स्पोर्टिंग डायरेक्टर या दोघांच्या सह्या आणि दोन ओळींचे कारण असावे. एकाचा विरोध असेल, तर ‘विरोध नोंदवून’ असे लिहून सही करावी. विंडोच्या शेवटच्या दिवशी घाई असते, हे मला समजते. फोनवरून सही पाठवता येते. हंगामाच्या शेवटी मंडळाने हेच कागद पुढे ठेवून आढावा घ्यावा, म्हणजे कोणाचा अंदाज बरोबर ठरला आणि कोणाचा चुकला, हे अफवांवरून ठरवावे लागणार नाही.

तीन. वार्षिक अहवालात प्रत्येक ट्रान्सफरपुढे एजंटचे नाव आणि त्याला दिलेली रक्कम छापावी. एका कोष्टकाचे काम आहे.

चार. कुमार गटातून वर आलेल्या कोणत्याही खेळाडूला सोडायचे असल्यास प्रशिक्षक किंवा स्पोर्टिंग डायरेक्टर यांनी त्याला समोर बसवून, आणि तो अठरा वर्षांखालील असल्यास पालकांसह, कारण सांगावे. नागपाड्याच्या त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना उशिरा का होईना बोलावून घ्यावे. त्याला परत घ्या, असे मी म्हणत नाही. तो नव्या क्लबकडून खेळू लागला आहे आणि तिथे बरा रमला आहे. पण वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर क्लबकडे थकलेले आहे.

पाच. पदमुक्त केलेल्या प्रशिक्षकांबाबतच्या निवेदनाला पुरवणी जोडून, या हंगामातील कोणते खेळाडू त्यांच्या मागणीवरून आले आणि कोणते नाही, हे स्पष्ट करावे. त्यांना पुढे नोकरी शोधायची आहे. मुंबईचे फुटबॉल वर्तुळ लहान आहे आणि ‘निकाल देऊ न शकलेला’ हा शिक्का लवकर पुसला जात नाही. त्यांच्या डावपेचांत उणिवा होत्या. आघाडीवर असताना संघाला फार मागे ओढण्याची त्यांची सवय मलाही पटत नसे. त्या उणिवांचा दोष त्यांना जरूर द्यावा, पण न मागितलेल्या खेळाडूंचा देऊ नये.

सहा. या सर्वांवर चर्चा करण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी आणि तीत स्पोर्टिंग डायरेक्टरांनाही त्यांची बाजू मांडू द्यावी. कदाचित त्यांच्याकडे असे काही सांगण्यासारखे असेल, जे आम्हांला ठाऊक नाही: गोलरक्षकाने ऐनवेळी नकार दिला असेल, डाव्या पायाचा बचावपटू अंदाजपत्रकात बसला नसेल, किंवा मंडळातूनच कोणीतरी त्या मिडफिल्डरांसाठी शब्द टाकला असेल. हे तिन्ही शक्य आहे, आणि तिन्हींत जबाबदारी निरनिराळ्या माणसांकडे जाते. सभेसाठी क्लबच्या घटनेनुसार लागणाऱ्या सह्या गोळा करण्याचे काम काही सभासदांनी सुरू केले आहे. आपण स्वतःहून सभा बोलावलीत, तर त्या कागदाची गरज पडणार नाही.

नव्या प्रशिक्षकांच्या नेमणुकीची बोलणी सुरू असल्याचे ऐकतो. त्यांच्या करारावर सही होण्यापूर्वी वरील पहिल्या मागणीतला एक पानाचा कागद त्यांना वाचायला द्यावा, आणि नेमणूक जाहीर करताना खेळाडूंच्या निवडीत त्यांचा शब्द कितपत चालेल, हे त्याच निवेदनात लिहावे. या पत्राचे उत्तर मला एकट्याला न पाठवता सर्व सभासदांना उद्देशून, लेखी द्यावे, ही विनंती.

आपला,
क्लबचा एक आजीव सभासद
माटुंगा, मुंबई